मटकीच्या कपांत खताआधी उजेड बघा

ताई, मुलीच्या प्रयोगात बिनखताची मटकी शेणखतातल्या मटकीपेक्षा उंच कशी वाढली, हा तुमचा प्रश्न वाचला आणि आमची बेळगावकडच्या खानापूर भागातली शाळा डोळ्यांपुढं आली. आमच्या सहावीच्या पोरांचंही अगदी हेच झालं होतं.

माती एकाच वाफ्यातली, दाणे एकाच पिशवीतले, पाणी औषधाच्या मापानं 10 मिली. एवढं सांभाळलं आणि कप ठेवताना घात झाला. खताला वास येतो म्हणून ते कप सोप्याच्या कट्ट्यावर ठेवा, बाकीचे आत भिंतीकडं, असं मीच सांगितलं. आषाढातलं भरलेलं आभाळ, आत उजेड तो किती असणार! दहाव्या दिवशी आतली बिनखताची रोपं बाहेरच्यांपेक्षा दोन बोटं उंच. एक मुलगी म्हणाली, "सर, ही पिवळी का पडल्यात? सगळी दाराकडं वाकल्यात की." देठ दोऱ्यासारखे, पानं इवलीशी. मी तिचं ऐकलं नाही, ते अजून सलतं. उजेड कमी पडला की रोप नुसतं लांबत जातं. आम्ही तीन आठवडे तेच मोजत बसलो.

विज्ञान प्रदर्शनाआधी एका कार्यालयात दोनदा गेलो. नियमांचा कागद फक्त कन्नडमध्ये, समजावून सांगायला कुणी तयार नाही, वर "तक्ता रंगीत करा" हा सल्ला. परीक्षकांनी मात्र पहिल्यांदा विचारलं, कप कुठं ठेवले होते? पोरं माझ्याकडं बघायला लागली.

माझं मत सांगतो, शेतकी शिकलेल्यांनी चूक असेल तर दुरुस्त करावं. नुसती उंची धरू नका. पानं मोजा, शेवटी रोपं धुऊन, पूर्ण वाळवून वजन करा. ओळखीच्या सोनाराचा काटा चालतो. एका प्रकाराचे 5 तरी कप हवेत. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, रोज बदला. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात 1920 च्या दशकात शेतातल्या तुकड्यांसाठी असंच दैवावर सोडायचं तंत्र रुळवलं, कारण जमिनीचा कुठला कोपरा कसा हे आधी कळत नाही.

मुलीला जहाजावरच्या डॉक्टर लिंडची गोष्ट सांगा. 1747 साली जहाजावरचे स्कर्व्ही (क जीवनसत्त्व कमी पडून होणारा आजार) झालेले 12 खलाशी, दोघा-दोघांना वेगळा उपाय, पण राहायची जागा एक आणि रोजचं जेवण एकच. म्हणून संत्री-लिंबं मिळालेल्या दोघांचा फरक उठून दिसला.

शेणखत चांगलं कुजलेलंच घ्या. आणि आत्ताचे कप फेकू नका. तुमचेही बिनखताचे कप आत असतील तर त्यातले दोन उजेडात आणून ठेवा, नवी पानं कशी येतात ते मुलीला रोज वहीत लिहू दे.