दाढी राहू दे, आधी आर्मेचर

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. सोबत सात स्केचेस, सातही दाढीचीच. ग्रीसमधल्या ऑलिंपियाच्या देवळातला झ्यूस देवाचा पुतळा उरलाच नाही, धड एक कॉपीसुद्धा नाही, तिथल्या एलिस राज्याच्या नाण्यांवर आहे तो नखाएवढा, मग सर मी फायनलला बनवू काय, म्हणतेस. अगं पण आर्मेचरचं, म्हणजे आतल्या सांगाड्याचं, एकही ड्रॉइंग नाही! चार फुटांचा देव काय दाढीवर बसणार आहे?

ग्रीक शिल्पकार फिडियसने इ.स.पू. 430 च्या आसपास तो झ्यूस घडवला. साधारण 40 फूट उंच, सिंहासनावर बसलेला, उजव्या हातात विजयदेवी नाइकी, डाव्या हातात राजदंड, त्यावर गरुड, हे सगळं तुझं पाठ आहे. पण आत लाकूड होतं गं. लाकडाचा सांगाडा, त्यावर अंगाला हस्तिदंताचे तुकडे आणि वस्त्राला सोनं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला लेखक लुशियन, एकदम खवट माणूस, तो म्हणतो असल्या अवाढव्य मूर्ती बाहेरून सोनं नि हस्तिदंत, आत वाकून बघा तर दांडे, खुंट्या, खिळे, डांबर, माती आणि उंदरांचं बिऱ्हाड. लोक ही टिंगल म्हणून वाचतात, मला मात्र ती मटेरियलची यादी वाटते.

आणि फिडियसचं वर्कशॉप बघ. 1950 च्या दशकात जर्मन लोकांनी खणून काढलं, देवळाच्या पश्चिमेला, आकाराने जवळपास देवळाच्या गाभाऱ्याएवढंच. हस्तिदंताचे तुकडे मिळाले, हाडाची हत्यारं, वस्त्राच्या चुण्यांचे मातीचे साचे, आणि एक छोटा काळा मग ज्याच्या बुडाला कोरलंय 'मी फिडियसचा'. त्या मगावर माझा फार जीव आहे. म्हणजे हा बाबा दिवसभर तिथेच, त्या धुळीतच पाणी पीत होता.

तडे तर त्याच्याही मूर्तीला गेले. मूर्तीपुढे काळ्या दगडाची फरशी, तिला संगमरवराचा काठ, त्यात ऑलिव्हचं तेल. जुना ग्रीक प्रवासवर्णनकार पौसानियस सांगतो की ऑलिंपियाची जागा दलदलीची म्हणून हस्तिदंताला तेल, आणि अथेन्सच्या टेकडीवर हवा कोरडी म्हणून तिथल्या अथीना देवीच्या हस्तिदंती मूर्तीला पाणी. एवढं करूनही हस्तिदंताचे सांधे उकललेच, इ.स.पू. दुसऱ्या शतकात मेसिनी गावच्या डामोफोन या शिल्पकाराने ते नीट बसवले. वरचं बसवता आलं कारण आतलं उभं होतं. आर्मेचर, आर्मेचर, किती वेळा सांगू?

माझंच सांगतो. एका गावच्या चौकात नऊ फुटी पुतळा, फायबरचा. उद्घाटनाची तारीख आधीच ठरलेली, समितीने अ‍ॅडव्हान्स तीन महिने लटकवला, आणि मी वर उचललेल्या हातात सोळा मिलिमीटरच्या गजाऐवजी दहाचा टाकला. चेहऱ्यावर मात्र रात्रीच्या रात्री घासकाम केलं, सगळे म्हणाले अगदी जिवंत वाटतो. दुसऱ्या पावसाळ्यात खांद्याला चीर. आता तू म्हणशील सर पैसेच नव्हते तर तुम्ही काय करणार, आणि खरंच आहे ते, दिले होते का त्यांनी वेळेवर? नव्हते दिले. हिशोब अजून माझ्या डायरीत आहे, कुणीही येऊन बघावा. पण गज कापताना सोळाचा लागतो हे मला माहीत होतं. माझी एसटी आजही त्या चौकातून जाते, मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसतो.

तुझी दुसरी शंका, जुना भूगोलकार स्ट्रॅबो म्हणतो देव उठून उभा राहिला तर देवळाचं छप्पर उडेल, म्हणजे फिडियसचं प्रपोर्शन चुकलं का. काही चुकलं नाही. आत आलेल्या माणसाला आपण मुंगी वाटावं म्हणून मुद्दाम केलंय, असं मी तरी धरून चालतो, वाद नको घालूस. तुला त्यातून एवढंच घ्यायचंय की मांड्या, पाठ आणि आसन यांचा भार कुठे उतरतोय. चेहरा माहीत नाही म्हणून अडलीयेस ना, मग जे माहीत आहे तिथून लाग कामाला, बसलेल्या माणसाचं वजन खाली जातं हे तर माहीत आहे?

आणि लाकूडच लाव असा हट्ट नाही माझा, लोखंड चालेल. पण नाइकीचा हात पुढे आलाय, तो मनगटापर्यंत एकसंध गजाचा हवा, कोपरात जोड दिसला तर मी स्वतः कापून टाकीन.

रविवारी दहाला ये. दाढ्या घरी ठेव. गज आणि बाइंडिंग वायर माझ्याकडे पडलीये, पक्कड मात्र तुझी आण, माझी ढिली झालीये.