हुंझाचा ‘मीर’ : पदवी राज्याची की पंथाची?

प्रश्न असा आला आहे : काराकोरम पर्वतातल्या हुंझा खोऱ्याच्या इस्माईली (आगा खानांना इमाम मानणाऱ्या शिया पंथाच्या) राज्यकर्त्यांना ‘मीर’ म्हणत. ही इस्माईली पंथातली पदवी आहे का? आपल्या ‘मिरासदारा’शी तिचे नाते आहे का? आणि मराठीत सरळ ‘राजा’ किंवा ‘नवाब’ लिहिले तर चालेल का?

पदवी राज्याची, पंथाची नव्हे. याचा पुरावा नदीपलीकडेच आहे. हुंझासमोरच्या नगर संस्थानचा धनीही मीरच म्हणवून घेई आणि तिथली प्रजा बारा इमाम मानणारी शिया. शेजारच्या पुनियालचा शासक मुसलमान असूनही ‘राजा’, तर चित्रळचा ‘मेहतर’. फारसीत मेहतर म्हणजे अधिक थोर. मराठी कानाला हे चमकवते खरे, पण मूळ अर्थ तोच.

‘मीर’ हे अरबी ‘अमीर’चे फारसीत आखडलेले रूप. अमीर म्हणजे हुकूम चालवणारा. मराठीत अमीर पैसेवाला होऊन बसला, तरी ‘अमीर-उमराव’ या जोडीत जुना सरदार अजून जिवंत आहे. उमराव हे त्याच शब्दाच्या अनेकवचनातून आले. मिर्झाराजे जयसिंगांचा ‘मिर्झा’ म्हणजे अमीरजादा, तोही याच घरचा. मिरासदार मात्र परका. मिरास, वारस, वारसा ही भावंडे वेगळ्या अरबी धातूची आहेत. मिराची गादी वंशपरंपरेची, म्हणून दोन्ही शब्द जुळवावेसे वाटतात, इतकेच.

ती परंपराही किती सरळ होती ते पाहा. १८८६ मध्ये सफदर अलीने बाप गझन खान याला मारून गादी घेतली. १८९१च्या डिसेंबरात गिलगिटहून निघालेल्या ब्रिटिश फौजेने नगरमधला निल्टचा किल्ला पाडला, तेव्हा सफदर अली चिनी तुर्कस्तानात (आजच्या शिंच्यांगमध्ये) पळाला. पुढच्या वर्षी इंग्रजांनी त्याचा सावत्र भाऊ नझीम खान याला बसवले आणि तो १९३८ पर्यंत टिकला. घराणे तेच राहिले, निवड मात्र गिलगिटमधल्या इंग्रजांच्या हाती गेली. तरीही काशगरच्या चिनी अधिकाऱ्यांना दरसाल सोन्याची धूळ पाठवण्याचा जुना रिवाज चालूच होता. त्याच्या मोबदल्यात पामीरच्या कुरणांवरचा हक्क सांगता येई.

मग पंथाचा अधिकार कोणाकडे? इमामाकडे, म्हणजे आगा खानांकडे. इथे आपल्या मुलुखाचा खरा धागा आहे. पहिले आगा खान इराणातून येऊन मुंबईत स्थिरावले, त्यांची कबर माझगावच्या हसनाबादेत आहे. निल्टची लढाई झाली तेव्हा हुंझाच्या लोकांचे इमाम, तिसरे आगा खान, जेमतेम चौदा वर्षांचे होते. पुण्यातला आगा खान पॅलेस त्यांनीच बांधला. हुंझाच्या राजधानीत, बाल्टितच्या किल्ल्यात राहणारा मीर आपल्या प्रजेसारखाच त्यांचा मुरीद, म्हणजे अनुयायी. म्हणून त्याला ‘इस्माईलींचा मीर’ म्हणणे मला पटत नाही. हुंझाचा मीर म्हणावे.

आता मला सर्वांत जवळचा वाटणारा शब्द : ‘थम’. हुंझाची मुख्य भाषा बुरुशास्की, जिचे नाते जगातल्या कोणत्याच भाषेशी सिद्ध झालेले नाही. त्या भाषेत राजा म्हणजे थम. मीर हा दरबारी फारसीचा शब्द, थम शेताबांधावरचा. पेरणीच्या सणाला पहिले बी थमाच्या हातून पडे, त्यात सोन्याची धूळ मिसळलेली असे. जवाचे पहिले पीक कापण्याचा सणही त्याच्या उपस्थितीत होई. १८९०च्या सुमाराचे इंग्रज लेखकही ‘हुंझाचा थम’ असे लिहितात. पुढे कागदोपत्री मीर रुळला आणि १९७४ मध्ये पाकिस्तानच्या भुट्टो सरकारने संस्थान खालसा केले तेव्हा गादीवरून उतरले ते मीर जमाल खान.

तेव्हा माझा सल्ला : ‘नवाब’ नको, त्याला मोगली सुभेदारीचा वास आहे. समजावून सांगताना ‘राजा’ चालेल, पदवी म्हणून ‘मीर’च लिहावे आणि प्रजेच्या नजरेतून लिहायचे असेल तर ‘थम’. सामान्यरूप करताना गरीब-गरिबाला, वजीर-वजिराला याप्रमाणे शेवटच्या आधीचे अक्षर ऱ्हस्व : हुंझाच्या मिराने, मिरांचा. नावाआधी आले की शब्द बदलत नाही : मीर नझीम खानने.