एचओ मॉडेलचे फोटो काढताना

मॉडेल रेल्वेचे तुमचे फोटो खेळण्यासारखे दिसत असतील, तर कॅमेरा फार उंचावर आहे. एचओ हे मॉडेल रेल्वेचं एक माप, प्रमाण 1:87 (खऱ्याच्या 87 पट लहान), म्हणजे फलाटावर उभ्या माणसाचे डोळे फलाटापासून जेमतेम 18 मिमी वर. फोन उलटा धरा, लेन्स खाली जाऊन रुळांच्या जवळ येते. पादचारी पुलावरून काढल्यासारखा फोटो हवा असेल तर लेन्स रुळांपासून 7-8 सेंमी वर ठेवा. त्याहून वर गेलात की तो ड्रोनचा फोटो.

इंजिनाला अगदी चिकटून काढू नका. नाक स्पष्ट आणि तिसरा डबा धूसर, तिथेच बिंग फुटतं. अर्धा मीटर मागे जा, 2एक्स झूम वापरा. मोठा कॅमेरा असेल तर ट्रायपॉड, एफ/16 (लेन्सचं छिद्र लहान), आयएसओ 100 (प्रकाशाची संवेदनशीलता कमी) आणि 2 सेकंदांचा टायमर. तरीही पूर्ण गाडी स्पष्ट येत नसेल, तर फोकस पुढून मागे सरकवत पाच-सहा फोटो काढून सॉफ्टवेअरमध्ये जोडा.

दिवा एकच. दोन दिवे म्हणजे दोन सावल्या, आणि सूर्य तर एकच असतो! पार्श्वभूमीला लावलेला आकाशाच्या चित्राचा कागद मॉडेलच्या किमान 30 सेंमी मागे, नाहीतर झाडांची सावली ढगांवर पडते.

भारतीय गाड्यांचं एक दुखणं: ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर 1676 मिमी, म्हणजे एचओत 19 मिमीहून थोडं जास्त, मॉडेल मात्र 16.5 मिमी अंतराच्या रुळांवर धावतं. अगदी समोरून काढलं की मार्ग अरुंद दिसतो. तिरकं काढा, झाकून जातं.

क्लिक करण्याआधी मऊ ब्रशने धूळ झटका आणि सगळी चाकं रुळांवर आहेत ना, ते बघा.