ट्रम्पेटवालं गाणं आणि टू-इन-वनची टेप

प्रश्न: दादा, अमेरिकन फुटबॉल नावाचा इमो (भावनाप्रधान रॉक) बँड आहे (खेळाशी संबंध नाही), त्यांचा १९९९ चा अल्बम मला तोंडपाठ आहे. आता २०१४ मध्ये निघालेला त्यांचा डबल एलपी सेट एक जण विकतोय, त्यात आधी कधीच न आलेली गाणी आहेत. मित्र म्हणतो ती सगळी कॅसेटवरची रेकॉर्डिंग, विनाइलच्या तबकडीवर घेऊन काय करणार, मोबाइलवर ऐक की. घेऊ का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आवाजापुरतं बोलायचं तर मित्राचं बरोबर आहे, पण तेवढंच.

आधी एक गैरसमज काढून टाक. न आलेली गाणी म्हटलं की आपल्याला वाटतं स्टुडिओत नीट केलेलं काहीतरी कपाटात पडून राहिलं असेल, तसं इथे फारसं काही नाही. माइक किन्सेला, स्टीव्ह होम्स, स्टीव्ह लॅमॉस ही तिघं इलिनॉयमधल्या अर्बाना-शॅम्पेनची कॉलेजची पोरं, कॉलेज संपलं तसा बँडही संपला, आणि मागे उरल्या त्या प्रॅक्टिसच्या टेपा. १९९८-९९ मध्ये खोलीत बूमबॉक्स ठेवायचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला टू-इन-वन म्हणायचे तो, बटण दाबायचं आणि वाजवत सुटायचं. सेटमधल्या जादा गाण्यांत बरंचसं हेच आहे, शिवाय १९९७ चं शॅम्पेनच्या ब्लाइंड पिग नावाच्या बारमधलं थोडं लाइव्ह आणि अल्बममधल्या ‘नेव्हर मेंट’ गाण्याचं आधीचं, चार ट्रॅकच्या साध्या रेकॉर्डरवरचं कच्चं रूप. काही गाण्यांना तर नावच नाही, एकाची ओळख फक्त ‘ट्रम्पेटवालं’ (ट्रम्पेट ड्रमवाल्या लॅमॉसचा, हा माणूस दोन्ही वाजवतो).

आता टेपवर जे उतरलंच नाही ते तबकडीवर कुठून येणार? झांजेची वरची चमक गेली ती गेली, वर टेपचा सूं आवाज आहेच आणि त्यात रेकॉर्डची स्वतःची टकटक. त्यामुळे ‘विनाइलवर उबदार वाटतं’ वगैरे कोणी सांगायला लागलं तर ऐकून सोडून दे.

तरी मी म्हणेन घे, पण अल्बम खरंच तोंडपाठ असेल तरच. मजा आहे ती ओळखीचं गाणं अजून चाचपडत असताना ऐकण्यात. आमच्या घरी आज्जीने टेप केलेली आरती आहे, मधेच कुकरची शिट्टी होते, स्टुडिओतली चकचकीत आरती कोणी आणून दिली तरी आम्ही तीच लावतो, साधारण तसंच. अल्बम नुसता ‘बरा वाटतो’ असा असेल तर मात्र पैसे वाचव, दुसऱ्यांदा लावणार नाहीस.

बाकी अल्बमच्या कव्हरवर जे घर आहे ते मोठ्या आकारात बघायला मिळतं हा फायदा मी तरी धरतो. लोक फोटो काढायला तिथे जातात, २०२३ मध्ये बँड, त्यांचं लेबल (म्हणजे रेकॉर्ड कंपनी) आणि आणखी काही जणांनी मिळून ते विकतच घेतलं. आणि हो, सेट जाहीर झाला तेव्हा पॉलिव्हिनिल लेबलची साइट बसली होती, त्याच वर्षी हे तिघं परत स्टेजवर आले, म्हणजे ‘बंद पडलेला बँड’ हे लेबल त्यांना आता चालत नाही.

घेताना दोन्ही तबकड्या लाइटखाली तिरप्या धरून ओरखडे बघ. आणि प्रॅक्टिसवाली बाजू लावून ‘खरखर येते, पीस खराब आहे’ म्हणून भाव पाडायला जाऊ नकोस, विकणारा हसेल.

प्रश्न: मुलगा दिवसभर ‘इमो’ ऐकतो. ही रडकी गाणी म्हणजे नक्की काय प्रकार आहे?
— एक बाबा, नाशिक

उत्तर: इमोशनलमधलं इमो. ऐंशीच्या दशकात वॉशिंग्टन डीसीच्या हार्डकोर पंकमधून (वेगवान, आक्रमक रॉक) निघालं, तेव्हाच्या बऱ्याच वादकांना हा शब्द अजिबात आवडायचा नाही. राइट्स ऑफ स्प्रिंग हा त्यातला सुरुवातीचा बँड, अल्बम १९८५ चा, आणि त्यांचा १९८४ चा सहा गाण्यांचा डेमो (कच्चं रेकॉर्डिंग) डिस्कॉर्ड या लेबलने रेकॉर्डवर काढला तो थेट २०१२ मध्ये. मुलाला तो लावायला सांगा. रडकं नाही, चांगलंच आरडाओरड्याचं आहे, त्यामुळे आवाज आधी कमी करून ठेवा.