नागपुरात रोज सायकलनं ऑफिसला जाणं कितपत सुरक्षित आहे? आणि गाडीवाल्यानं ठोकलं तर चूक कोणाची धरतात?

तुम्ही लिहिलंय, मानेवाड्याला खोली घेतली, ऑफिस गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये, अंतर सात-आठ किलोमीटर. आई म्हणते सायकल नको. रूममेट म्हणतो, "कडेकडेनं चालव, काही होत नाही."

आईची भीती मला पटते, तरी तुम्ही सायकल चालवावी असंच मी म्हणेन. रूममेटचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका.

मी नागपूरच्या महाल भागातला. नोकरी सिव्हिल लाइन्सला. गांधीसागर, कॉटन मार्केट, लोहापूल, बर्डी, झिरो माइल हा रस्ता चौदा वर्षांपासून सायकलनंच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर चढला की दोन-तीन आठवडे कार काढतो, बाकी पावसातही सायकल. या चौदा वर्षांत एक मनगट मोडलं, दोन रिम गेल्या, आणि एकदा मीच दुसऱ्या सायकलवाल्याला पाडलं. तेही सांगतो.

आधी ते 'कडेकडेनं'. आपल्याकडे जिकडेतिकडे सिमेंटचे रस्ते झाले. सिमेंटचा थर उंच, बाजूला गट्टू म्हणजे फरसबंदीचे ठोकळे, आणि दोहोंच्या मधे कुठे फट, कुठे दोन-तीन इंचांची पायरी. चाक एकदा त्या पायरीखाली उतरलं आणि तुम्ही ते तिरकं वर चढवायला गेलात की टायर घासत राहतं, हँडल ऐकत नाही आणि सायकल आडवी होते. पडता कुठे? उजवीकडे, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीपुढे. गिट्टी कडेलाच असते, फुटलेल्या बाटल्या कडेलाच, खचलेली झाकणं कडेलाच. आणि उभ्या कारही कडेलाच, ज्यांचं दार कधी उघडेल याचा भरवसा नाही.

खरी गोम तर वेगळीच. तुम्ही कडेला चिकटलात की मागच्याला वाटतं, जागा आहे, काढून घेऊ. जागा नसते. तो आरसा हँडलला लावून जातो. तुम्ही कडेपासून तीन फूट आत, सरळ रेषेत चालवलंत तर त्याला जरा उजवीकडे सरकूनच जावं लागतं. तो चिडतो, हॉर्न वाजवतो, एखादी शिवीही देतो. देऊ द्या. हॉर्न वाजवणारा मला आवडतो, कारण त्यानं मला पाहिलेलं असतं. लोहापुलाखाली तर मी सरळ मधोमध चालतो, पुढे मोकळं झालं की डावीकडे होऊन साइड देतो. अडवायचं नाही, पण जिथे जागाच नाही तिथे ती आहे असा भासही होऊ द्यायचा नाही.

माझं मनगट मोडलं ते सिव्हिल लाइन्समधल्या एका चौकात, सकाळी पावणेदहाला, लख्ख उन्हात. मला सरळ जायचं होतं. एक पांढरी कार मला मागे टाकून पुढे गेली आणि इंडिकेटर न देता लगेच डावीकडे वळली. दोन सेकंद माझ्या मागे थांबला असता तर काही झालं नसतं. मी जाऊन तिच्या मागच्या दारावर आपटलो. पुढच्या चाकाचा आठ झाला, डबा उघडून मेथीची भाजी रस्त्यावर. आतला पोरगा उतरला, पांढराफटक पडलेला, हात जोडून म्हणाला, "काका, तुम्ही दिसलेच नाही जी."

तेव्हा मला ते धडधडीत खोटं वाटलं. पाच सेकंदांपूर्वी त्यानं मला ओलांडलं होतं, न पाहता कसा ओलांडेल? मनगटाचं प्लास्टर उतरेपर्यंत मी हेच घोकत होतो. आता वाटतं, त्यानं पाहिलं होतं आणि लगेच सोडूनही दिलं होतं. कारवाल्याच्या हिशेबात सायकल म्हणजे एकदा मागे टाकली की संपली. ती ताशी अठरा-वीसच्या वेगानं अजून आपल्या बाजूनं येते आहे, हे डोक्यातच येत नाही.

दुसरी गोष्ट माझी. धरमपेठेत रस्त्याच्या कडेला कार लावली, फोन आला, तो कानाला लावूनच दार उघडलं. मागून सायकलवर अंड्यांचे ट्रे घेऊन एक म्हातारबुवा येत होते. दार त्यांच्या हँडलला लागलं आणि ते सायकलसकट पडले. नशिबानं मागून काही आलं नाही. खरचटलेल्या कोपराकडे न पाहता त्यांनी आधी वरचा ट्रे उचलला, एकेक अंडं बोटानं हलवून पाहिलं. मी काय म्हणालो असेन? "काका, दिसलेच नाही हो." ते म्हणाले, "मांगं पाह्यलं असतं तं दिसलो असतो ना सायेब." फुटलेल्या अंड्यांचे पैसे दिले, दवाखान्यात चला म्हटलं तर आले नाहीत, बाकीच्या दुकानांत माल पोचवायचा होता.

त्या दिवसापासून मी कारचं दार डाव्या हातानं उघडतो. उजवीकडचं दार डाव्या हातानं उघडायला गेलं की खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते. युक्ती हॉलंडकडची आहे, तिथे सायकली आपल्या स्कूटरांइतक्या. फुकटची आहे. मागे उजवीकडे बसणाऱ्या माणसालाही सांगायची, कारण निम्म्या वेळा दार तोच उघडतो.

'दिसलं नाही' याला कारणं असतात, ती गाडी चालवणाऱ्यानं समजून घ्यायला हवीत. समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब एक अख्खी सायकल सहज लपवतात. वळताना जरा पुढे-मागे झुकून पाहावं लागतं. चौकात डोळा मोठी वस्तू शोधतो, कार, ट्रक, बस. जे शोधत नाही ते समोर असूनही सुटतं. ट्रक-बसला तर डाव्या अंगाचा बराच भाग केबिनमधून दिसतच नाही, आणि वळताना मागचं चाक पुढच्याच्या बरंच आतून येतं. म्हणून सिग्नलला ट्रकच्या डावीकडून पुढे घुसू नका, कितीही जागा दिसो. मागे थांबा. ही एक गोष्ट ऐकलीत तरी माझं उत्तर लिहिण्याचं चीज झालं.

पण कारण म्हणजे माफी नव्हे. ताशी ६० नं जाणारी कार एका सेकंदात साडेसोळा मीटर पुढे जाते, म्हणजे ब्रेकवर पाय पोचेपर्यंतच चार कारइतकं अंतर गेलं. ३० चे ६० केले तर धडकेचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. सायकलवाला चुकला तर बहुतेक वेळा तोच मरतो. कारवाला चुकला तरी मरतो सायकलवालाच. ज्याच्या हातात हजार किलो लोखंड, त्यानं जास्त पाहायचं, एवढा साधा व्यवहार आहे. ब्रिटननं २०२२ मध्ये आपल्या वाहतूक नियमावलीत हे उघड लिहिलं: जो जास्त इजा करू शकतो त्याची जबाबदारी जास्त. फ्रान्समध्ये सायकलला ओलांडताना गावात १ मीटर आणि बाहेर दीड मीटर अंतर ठेवावं लागतं. आपल्याकडे २०१७ चे वाहन चालवण्याचे केंद्रीय नियम आहेत, त्यांतही पादचारी, सायकलस्वार, मुलं, म्हातारी माणसं यांची विशेष काळजी घ्यायला चालकाला सांगितलंय. लायसन्सच्या परीक्षेला हे कोणी विचारलं होतं का, आठवून पाहा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. 'मोठ्या गाडीचीच चूक धरतात' हा समज अर्धाच खरा. रस्त्यावर जमणारी गर्दी मोठ्या गाडीला धरते, कोर्ट धरत नाही. तिथे निष्काळजीपणा कोणाचा हे पुराव्यावर ठरतं, आणि तुम्ही राँग साइडनं येत असाल तर तुमच्या चुकीच्या प्रमाणात भरपाई कापली जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार अपघात झाला की चालकानं जखमीला दवाखान्यात पोचवण्याची खटपट करायची आणि पोलिसांना लवकरात लवकर, फार तर २४ तासांत कळवायचं. जमावाच्या रागामुळे थांबणं शक्य नसेल तर सूट आहे, आणि पळून जाणारे सगळे याच सुटीचं नाव घेतात. पण जमाव होता म्हणून दवाखान्यात नेता आलं नाही, हे एक वेळ समजू. पोलीस ठाण्यात जाऊन सांगायला कोणता जमाव अडवतो? मोबाइल हातात धरून चालवणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर थेट धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. गाडीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि ती थर्ड पार्टी म्हणजे तुम्ही, सायकलवाले. दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात लावायचा असतो. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही तरी गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख रुपये मिळण्याची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून आहे. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत, पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत पैसे न भरता उपचाराची योजनाही आहे. घरच्यांना हे सांगून ठेवा, कारण त्या वेळी तुम्ही सांगायच्या स्थितीत नसाल.

मी काय चूक केली तेही ऐका. पांढऱ्या कारमधला तो पोरगा रडवेला झाला होता, मी मोठेपणा केला, "जा बाबा, सांभाळून चालव" म्हटलं आणि रिमचे पैसे घेऊन सोडून दिलं. नंबर लिहिला नाही, फोटो काढला नाही. संध्याकाळी मनगट सुजलं, एक्स-रे काढला तेव्हा हाड मोडलेलं निघालं. पुढचा सगळा खर्च खिशातून. म्हणून सांगतो, जागेवर तोडपाणी करू नका. गाडीचा नंबर, गाडी होती त्याच जागी फोटो, पाहणाऱ्या एकाचा फोन नंबर, ११२ ला कॉल, लागलं असेल तर १०८. पाहणारे पुढे येत नाहीत, "पोलिसांच्या भानगडीत कोण पडेल" म्हणतात. त्यांना सांगा, मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम १३४-ए त्याच कायद्यात आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही.

सायकलवाल्यांची बाजू घेतोय म्हणून त्यांचे दोष झाकत नाही. रिंग रोडवर डिवायडरचा कट लांब असतो, अर्धा किलोमीटर वाचवायला अर्धे लोक राँग साइडनं येतात. गल्लीतून डावीकडे बाहेर पडणारा फक्त उजवीकडे पाहतो, कारण गाड्या तिकडूनच यायच्या असतात. तुम्ही डावीकडून आलात तर तुम्ही त्याच्यासाठी नाहीच आहात. दोन्ही कानांत इअरफोन घालून चालवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

सामानाचं थोडक्यात. मागे लाल ब्लिंकर, पुढे पांढरा दिवा, पेडलला चमकणारी पट्टी. पेडल वरखाली होतं म्हणून ती लांबूनही माणूस आहे हे सांगते. टायर जरा रुंद घ्या, सिमेंटच्या सांध्यात बारीक टायर अडकतं. हेल्मेट घालाच, पण ते तुम्ही पडलात तर डोकं फुटू नये यासाठी, ६० च्या कारसाठी नव्हे. हेल्मेट न घालणाऱ्याला दोष देणं सोपं असतं. याच नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी शर्यत एकट्यानं पूर्ण केली, पुढच्या वर्षी रशियात ९,००० किलोमीटरच्या वर सायकल चालवली, आणि आपल्या सगळ्यांना त्याचा अभिमान आहे. पण शहरातला सायकलवाला म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे हिंगणा एमआयडीसीतून रात्रपाळी करून परतणारा गार्ड येतो. त्याच्या सायकलला मागे लाल काचही नसते, आणि अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत, मारत येणाऱ्या ट्रकपुढे तो कडेकडेनंच चालत असतो, तुमच्या रूममेटनं सांगितल्यासारखा.

तुमच्या रस्त्याचं बोलू. मानेवाडा चौकातून ओंकारनगर, नरेंद्रनगर असं रिंग रोडनंच यावं लागेल, तिथे ट्रक असतात, सकाळी आठच्या आत निघा. नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली पावसात पाणी साचतं. साचलं असेल तर सायकल घालू नका, खाली काय आहे ते दिसत नाही. छत्रपती चौकात उड्डाणपूल आणि मेट्रोच्या खांबांमुळे वळणाऱ्या गाड्या उशिरा दिसतात, तिथे सिग्नल हिरवा झाला तरी एक सेकंद थांबून निघा. तो चौक ओलांडला की रिंग रोड सोडा आणि खामल्याच्या आतल्या रस्त्यांनी प्रतापनगरला निघा. पाच मिनिटं जास्त लागतील, लागू द्या. येत्या रविवारी सकाळी एकदा रिकाम्या रस्त्यानं जाऊन या, म्हणजे झाकणं आणि खड्डे पाठ होतील. आणि संध्याकाळी परतताना आयटी पार्क ते माटे चौक या टप्प्यात खाण्याचे ठेले लागले असतील तर त्यांच्यापुढे कार उभ्या असतात, लोक पोहे-चहा घेऊन चढत-उतरत असतात. तिथे तीन नव्हे, चार फूट ठेवा.