ती रात्र ताईची

प्रश्न: माझा जन्म जानेवारी 1992 चा, गाव किल्लारीजवळचं. भूकंपाच्या रात्री आजीने मला गोधडीत गुंडाळून बाहेर पळत आणलं, हे मला लख्ख आठवतं. गोधडीतली मी अजून डोळ्यांसमोर दिसते. परवा मुलांना हे सांगत होते, तर ताई चारचौघांत म्हणाली, "तुला काय आठवतंय डोंबल! मीच सांगितलंय तुला." ती तेव्हा नऊ वर्षांची होती. तेव्हापासून अबोला आहे. मग भूकंपानंतर आम्ही राहायचो त्या पत्र्याच्या शेडवर पाऊस पडला की शेजारच्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही, हेही खोटंच का? मी खोटारडी आहे?

उत्तर: खोटारडी अजिबात नाहीस. पण ताईचं बहुतेक बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तू जेमतेम वीस महिन्यांची होतीस. मोठेपणी टिकणाऱ्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयापासूनच्या असतात. दोन वर्षांच्या आतलं सहसा काही उरत नाही. शिवाय गोधडीतली तू तुलाच दिसतेस, म्हणजे बघणारं दुसरंच कुणी आहे. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही म्हणा, पण शंका घ्यायला जागा आहे.

यात लाजण्यासारखं काही नाही. पियाजे हे मुलांच्या मनाचा आयुष्यभर अभ्यास केलेले मानसशास्त्रज्ञ. लहानपणी बाबागाडीतून आपल्याला पळवायचा प्रयत्न झाला आणि दाईने आपल्याला वाचवलं, हे त्यांना स्पष्ट 'आठवायचं'. ते पंधरा वर्षांचे असताना दाईने कबूल केलं की सगळं तिने रचलं होतं. बक्षीस मिळालेलं घड्याळही परत केलं. घरात वारंवार ऐकलेली गोष्ट अशीच अंगात मुरते.

आता शेडचं. नवी गावं उभी राहीपर्यंत कितीतरी कुटुंबांनी पत्र्याच्या शेडमध्ये वर्षं काढली. तेव्हा तू तीन-चार वर्षांची झाली असशील. पत्र्यावरच्या पावसाचा तो आवाज कुणी गोष्ट म्हणून सांगत बसत नाही. ती आठवण तुझी स्वतःची असणार.

ताईने चारचौघांत तोंडावर बोलायला नको होतं, हे खरंच. पण आदल्या दिवशी गणपती विसर्जन, रात्री दमून झोपलेलं गाव आणि पहाटे दगडमातीच्या भिंतींसकट खाली आलेली माळवदं, हे सगळं नऊ वर्षांच्या पोरीने उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. तिच्या वर्गातल्या किती मुली त्यानंतर दिसल्या नाहीत, हे तू कधी विचारलंयस का? तुझ्या पत्रात तरी तसं काही नाही. धाकट्या बहिणीने तीच रात्र आपली म्हणून मुलांना सांगितल्यावर ती चिडली, यात मला नवल वाटत नाही.

फोन तूच कर. कोण खरं, कोण खोटं याच्या वाटेला जाऊ नकोस. "शेडमध्ये आपली चूल कुठे होती गं?" एवढंच विचार. रात्रीचा विषय तिने काढला तर मध्ये आपलं न घालता ऐकून घे. आणि मुलांनी पुन्हा भूकंपाचं विचारलं, तर ती रात्र मावशीला सांगू दे, शेडचं तू सांग.