‘आलास’ की ‘आलीस’?

सप्रेम नमस्कार,

नववीतल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत वहीचं मागचं पान उघडून दाखवलं, त्यावर हजेरीपटात नसलेलं एक नाव होतं, आणि ‘मला या नावाने हाक माराल का?’ असं विचारलं. आता काय करू, असं तू लिहिलंस.

ते मूल पारलिंगी (ट्रान्सजेंडर) आहे की अजून स्वतःला चाचपडतंय, याचा निकाल लावू नको. ते शाळेचं काम नाही. हाक कुठली मारायची एवढंच विचारलंय, तेवढ्याचं उत्तर दे. त्याआधी तीन गोष्टी विचारून घे, दुसऱ्याच्या कानावर पडणार नाही पण दार उघडं असेल अशा जागी. हे नाव वर्गात घ्यायचं की सध्या आपल्यापुरतं? शाळेत आणखी कोणाला माहीत आहे? आणि घरी फोन करायची वेळ आली तर कुठलं नाव घेऊ?

सगळ्यात जास्त नुकसान तिसरा प्रश्न न विचारल्याने होतं. चांगल्या हेतूने कोणीतरी पालकांना फोन करतं, बोलता बोलता नवं नाव निघतं, आणि संध्याकाळी मुलाचा मोबाइल जातो, कधी शाळाच सुटते. घरी कधी आणि कोणाला सांगायचं ते मूल ठरवेल. स्टाफरूममध्ये ‘तुमच्यातच ठेवा’ म्हणून सांगितलेलं तर पालक सभेपर्यंत पोचतंच. गुप्ततेला दोन अपवाद आहेत. लैंगिक अत्याचार कळला तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे तो कळवावाच लागतो. जीव द्यायची भाषा आली तरी एकट्याने पोटात ठेवायचं नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 आणि मुलांसाठीच्या मदतसेवेचा 1098 हे क्रमांक हाताशी असू देत. हे अपवाद मुलाला पहिल्याच भेटीत सांग. नंतर सांगितले तर दगा दिल्यासारखं वाटतं.

आता भाषा. आपल्या मराठीत क्रियापदच चुगली करतं. नवं नाव घेतलं आणि पुढे जुनंच ‘आलास’ किंवा ‘आलीस’ लावलं तर हाक फुकट गेली. मुलाने हवं ते रूप सांगितलं असेल तर तेच वापर. वर्गात एवढ्यात नको असेल तर मधली वाट व्याकरणातच आहे. ‘उशिरा का आलास’ऐवजी ‘तुला उशीर का झाला?’. ‘गणित सोडवलंस का?’, ‘वही आणलीस का?’ यात क्रियापद गणिताच्या आणि वहीच्या मागे जातं, मुलाचं लिंग उघड होत नाही. ‘फळ्यापाशी ये’, ‘उद्या वाचशील?’ हेही चालतं. घसरायला होतं ते वर्तमानकाळात, ‘करतोस-करतेस’पाशी. समोर ‘ते आलं’ मात्र नको. तान्ह्या बाळाला शोभतं, चौदा वर्षांच्या मुलाला शिवीसारखं लागतं. (या पत्रात तू मुलगा की मुलगी हे कुठे कळतं का, बघ.) चूक झाली तर दुरुस्त करून पुढचं वाक्य बोल. लांबलचक माफी मागितली की अख्खा वर्ग वळून बघतो.

हजेरी क्रमांकाने घे, पण सगळ्या वर्गाची. पटात आधी मुलगे, मग मुली, मुलींपुढे ‘कु.’ असं असेल, तर बदली तासाला आलेलं कोणीतरी पूर्ण नाव मोठ्याने वाचतं आणि महिनाभर घेतलेली काळजी मिनिटात जाते. ‘सतरा?’ ‘हजर’ अशी सवय असली की ते टळतं.

पाणी कमी प्यायलं जातंय का, यावर नजर ठेव. डब्यासोबतची बाटली शाळा सुटताना भरलेलीच असते, कारण कुठल्याच स्वच्छतागृहात जायचं नसतं. पुढे लघवीला जळजळ, पोटात दुखणं, मग गैरहजेरी. दिव्यांगांसाठीचं किंवा शिक्षकांचं स्वच्छतागृह उघडून देता येतं, मात्र ‘गरज असेल त्या कोणालाही’ अशा नियमाने. एकट्या मुलाला किल्ली दिली की तीच त्याची ओळख होते. गणवेशाचंही तसंच: शाळेच्या रंगाची फुलपँट कोणालाही चालेल, दोन वेण्यांची सक्ती कोणावरच नाही. अपवाद मागावा लागला की सगळ्यांना कारण कळतं.

खेळाच्या तासाला एखादं मूल धावताना लवकर धापा टाकत असेल, उन्हातही जाड बनियन आणि वर शर्ट असेल, तर छाती सपाट दिसावी म्हणून ती कापडाने किंवा क्रेप बँडेजने आवळलेली असू शकते. बँडेज ताणलं जाऊन श्वासागणिक घट्ट बसतं, बरगड्या दुखतात, चक्कर येते. ओरडू नको, चारचौघांत विचारू नको. बाजूला बसव, ते सैल करायला खासगी जागा दे, त्या दिवशी धावणं बंद. बँडेज यासाठी नाहीच, हे स्पष्ट सांग.

‘बायल्या’, ‘छक्का’ ऐकू आलं की तिथल्या तिथे एकच वाक्य: ‘हा शब्द या वर्गात नाही.’ व्याख्यान नको. तारीख, जागा, नेमके शब्द, कोण होतं, हे वहीत लिहून ठेव. तिसऱ्या नोंदीनंतर मुख्याध्यापकांपुढे तीच वही ठेवायची. 2019 चा पारलिंगी व्यक्तींचा कायदा 10 जानेवारी 2020 पासून लागू आहे, आणि शाळेत भेदभाव करायला त्यात मनाई आहे. पालकांनी ‘हे बरं करणारे डॉक्टर’ विचारले तर सांग, राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये असल्या ‘उपचारां’ना गैरवर्तन ठरवलं आहे.

कागदपत्रं शेवटी. हाक मारायला कागद लागत नाही, हे कार्यालयातल्या कोणीतरी विचारण्याआधीच ठरवून टाक. जनरल रजिस्टरमधलं, म्हणजे शाळेच्या मूळ प्रवेश नोंदवहीतलं, नाव मात्र हाकेने बदलत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी अर्ज पालकांनी करायचा असतो, म्हणजे घर तयार नसेल तर ही वाट सध्या बंद आहे. खोटी आशा दाखवू नको. घर तयार असेल तर नावबदलाचं राजपत्र आणि पारलिंगी ओळखपत्र यांचे चालू नियम जिल्हा समाजकल्याण कार्यालयात विचारून घे, आणि दहावीच्या प्री-लिस्टवर (परीक्षेआधी तपासायच्या विद्यार्थ्यांच्या यादीवर) सही होण्याआधी सगळं संपव. नंतरच्या दुरुस्तीत वर्ष जातं. नाव जुनंच राहिलं तर निदान परीक्षेच्या अर्जावर फोटो आजचा लाव. केस आणि पेहराव बदललेलं मूल आणि दोन वर्षांपूर्वीचा फोटो, एवढ्यावरून पर्यवेक्षक पहिल्या पेपरला अडवतात. शाळेच्या ओळखपत्रावरही तोच नवा फोटो असू दे, आणि मुलाने होकार दिला तर केंद्रसंचालकांना आदल्या आठवड्यात भेटून ये.

कळावे.